हात थांबवून वाजवलेला तबला: एकाग्रतेसाठी मनातला रियाज

सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका, म्हणजे त्याचे ठरलेले मूळ बोल, लावून बसलं की मन कुठे जातं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना अधूनमधून विचारते. उद्याचा डबा, ऑफिसातलं राहिलेलं काम, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. हात मात्र चालूच असतो, कारण ‘धा धिं धिं धा’ आता अंगवळणी पडलेलं असतं. मग लेहऱ्याची, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीची, सम (तालाची पहिली मात्रा) येते, त्या वेळी हे विद्यार्थी कुठेतरी अकराव्या मात्रेवर असतात आणि एकदम दचकतात.

अशा वेळी ‘लक्ष दे’ म्हणून काही साधत नाही. मलाही लहानपणी हे असंख्य वेळा ऐकवलं गेलं. मी दात-ओठ खाऊन, कपाळाला आठ्या घालून लक्ष द्यायचे आणि मनगट मात्र लाकडासारखं व्हायचं. लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं कशाकडे, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं की मनाला बघायला आणि ऐकायला काहीतरी ठोस दिलं की ते आपणहून तिथे बसतं. ते ठोस काय द्यायचं आणि कसं, एवढंच या लेखात सांगणार आहे. सहा महिने ते दोन वर्षं तबला शिकलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. पेटी, सतार, बासरीवाल्यांनी तबल्याच्या शाईच्या (मधल्या काळ्या वर्तुळाच्या) जागी आपल्या पट्ट्या, पडदे किंवा छिद्रं धरावीत.

यात नवीन काही आहे असं नाही. आपल्याकडे पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं, आहेच. बोल आधी कानात, मग तोंडात आणि शेवटी बोटात, हाच शिकण्याचा क्रम. झाकीर हुसेन मुलाखतींत सांगत असत की तान्हेपणी त्यांना पहिल्यांदा वडिलांच्या हातात दिलं, तेव्हा उस्ताद अल्लारखाँनी कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले. हाताला वाद्य लागायच्या कितीतरी आधी ते कानात पोचलं होतं.

प्रयोगशाळेतही हे तपासून झालं आहे. 1995 साली अल्वारो पास्क्युअल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक छोटा पाठ दिला होता. काहींनी पाच दिवस रोज दोन तास तो वाजवला, काहींनी तेवढाच वेळ वाद्यापुढे बसून बोट न हलवता फक्त मनात वाजवला. बोटं हलवणारा मेंदूतला भाग दोन्ही गटांत सारखाच बदलत गेला. हाताने वाजवणारे अचूकपणात पुढे राहिले हे खरं, पण मनात वाजवणाऱ्यांना नंतर प्रत्यक्ष सरावाची एकच बैठक मिळाली आणि त्यांनी बरंचसं अंतर भरून काढलं. तेव्हा मनातल्या रियाजाने हाताचा रियाज वाचेल या भ्रमात राहू नका, पण त्याला दिवास्वप्नही समजू नका.

सुरुवातीलाच एक अट

ज्या बोलाचा निकास, म्हणजे तो कुठल्या बोटांनी कसा काढायचा हे, गुरूंनी हात धरून दाखवला आहे आणि तुम्ही थोडाफार वाजवला आहे, तोच मनात वाजवायला घ्या. व्हिडिओवर पाहिलेला, बोटं नक्की ठाऊक नसलेला कायदा (ठरावीक बोलांची, पुढे वाढवत न्यायची रचना) मनात घोळवलात तर चुकीची बोटंच पक्की होतील आणि पुढे ती मोडायला महिने जातील. एका वेळी एक छोटी गोष्ट घ्या. दिवसाला दहा मिनिटं पुरेत, आणि तीही सलग नकोत. पाच मिनिटं रियाजाच्या आधी आणि पाच मध्ये.

पहिली पायरी: तबला नीट बघा

हसू येईल, पण बहुतेकांनी आपला तबला नीट पाहिलेलाच नसतो. समोर ठेवा आणि एक मिनिट न वाजवता बघा. कडेची चाट, तिच्या आतली लव, मधली काळी शाई. शाईवरच्या बारीक भेगा. गजऱ्याचं (कडेच्या चामडी वेणीचं) कुठलं घर जास्त घासलं आहे, कुठे हातोडीचे घाव पडलेत. डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याची, शाई मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. तुमच्या बैठकीत ती नेमकी कुठे येते?

मग स्पर्श. तर्जनी चाटेवर टेकवा, नंतर शाईवर. चाट गुळगुळीत लागते, शाई किंचित खरखरीत आणि कोरडी. डग्ग्यावर मनगटाचा गादीसारखा भाग कुठे टेकतो तेही पाहा.

आता डोळे मिटा, हात मांडीवर ठेवा आणि मनात एकच ‘ना’ वाजवा. बोट उचललं गेलं, चाटेवर पडलं, आवाज आला, विरला. मग डग्ग्यावर एकच ‘घे’. त्याची घुमार किती वेळ टिकली? मग दोन्ही एकत्र, म्हणजे ‘धा’. चित्र, आवाज आणि स्पर्श हे तिन्ही हवेत. नुसतं चित्र म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही, त्यात मन फार वेळ रमत नाही. पहिले दोन-तीन दिवस एवढंच करा. घाई असणारे ही पायरी गाळतात आणि पुढे त्यांना काही दिसत नाही.

दुसरी पायरी: तीनतालाचं घड्याळ

ताल सरळ रेषेत मोजायची आपल्याला सवय असते, एक ते सोळा आणि परत एक. पण आवर्तन हा शब्दच गोल फिरण्याचा आहे. भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. बाराच्या जागी सम. तीनच्या जागी पाचवी मात्रा, तिथे टाळी. सहाच्या जागी नववी, तिथे काल, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा. नऊच्या जागी तेरावी, तिथे पुन्हा टाळी. चार मात्रांचे चार खंड म्हणजे घड्याळाचे चार पाव. आता काटा हलू द्या आणि ठेका मनात म्हणा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

खरी गंमत घड्याळाच्या खालच्या भागात आहे. दहाव्या मात्रेला डग्गा गप्प होतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला पुन्हा बोलतो. त्या चार मात्रांत फक्त तबल्याचा आवाज असतो, खालची घुमार नसते. मी मुलांना सांगते, तिथे काटा पाण्यावरून जातोय असं समजा आणि चौदाव्याला तो पुन्हा जमिनीवर पाय ठेवतो. माझ्याकडे एक काकू शिकतात, त्यांनी यात घरचा रंग भरला. काल म्हणजे उंबरठा आणि चौदावी म्हणजे माजघर. तुमचं चित्र तुम्हीच शोधा, पण शोधलंत की ते बदलू नका.

हे चित्र पक्कं झालं की ठेका लावताना मन भटकलं तरी परत यायला जागा असते. ‘मी कितव्या मात्रेवर आहे’ असा हिशेब करत बसावं लागत नाही. डग्गा गप्प आहे म्हणजे आपण घड्याळाच्या तळाशी आहोत, हे कानच सांगतो.

तिसरी पायरी: कायदा तोंडातून मनात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेकांना सुरुवातीला शिकवला जाणारा दिल्लीचा कायदा घेऊ:

धाधा तिट धाधा तिंना । ताता तिट धाधा धिंना

एका मात्रेत दोन अक्षरं, म्हणजे हा आठ मात्रांचा झाला. तीनतालाच्या एका आवर्तनात दोनदा बसतो.

आधी मोठ्याने, टाळी देत चार वेळा म्हणा. मग कुजबुजत चार वेळा. मग ओठ मिटून, जीभही न हलवता चार वेळा. जीभ हलते, ती हलू न देणं अवघड असतं, त्याचा बाऊ करू नका. शेवटी बोल बाजूला ठेवा आणि फक्त हात बघा. ‘धा’ला तर्जनी चाटेवर आणि डग्ग्यावर घे, ‘तिट’ला शाईवर मधलं बोट आणि मग तर्जनी, किंवा तुमच्या गुरूंनी जी बोटं दिली असतील ती. लय मिनिटाला 60 मात्रा, त्याहून जास्त नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मनात वाजवताना एखाद्या जागी चित्र पुसट होतं. बोल ऐकू येतो पण बोट दिसत नाही, किंवा मन ती जागा उडी मारून ओलांडतं. नेमक्या त्याच जागी हातही अडखळतो, फक्त वेगात वाजवताना ते लपून जातं. इतक्या वर्षांत मला याला अपवाद फार क्वचित दिसला.

या कायद्यात पुसट होणारी जागा बहुधा ठरलेली असते. पहिली ओळ ‘तिंना’वर बंद, म्हणजे डग्ग्याच्या घुमारेशिवाय, संपते, दुसरी ‘धिंना’वर खुली, म्हणजे घुमारेसकट. नवशिक्यांच्या मनात दोन्हीकडे एकच काहीतरी धूसर ‘इंना’ वाजत असतं. एका शाळकरी मुलाला मी विचारलं, “तिंनाच्या वेळी तुझा डावा हात काय करतोय?” तो बराच वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, “ताई, डावा हात दिसतच नाहीये.” बरोबर आहे, कारण त्याने तिथे कधी डाव्या हाताकडे पाहिलंच नव्हतं. उजवा वाजवत होता आणि डावा सवयीने कधी पडत होता, कधी नाही. आम्ही ‘धाधा तिंना ताता’ एवढाच तुकडा काढला. डावा हात डग्ग्यावर अलगद टेकलेला, आवाज न करणारा, असा आधी मनात पाहिला, मग वाजवला, परत मनात पाहिला. त्या दिवशी बाकी काही केलं नाही.

तेव्हा वहीत पुसट जागा लिहून ठेवा. ‘कायदा, तिंना, डावा हात’ इतकं त्रोटक चालेल. रियाजाला बसल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त या जागांना द्या. अख्खा कायदा पन्नास वेळा वाजवण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे, आणि लक्ष कुठे द्यायचं या प्रश्नाचं उत्तरही तुमच्या हातात आयतं येतं.

एक तपासणीही सांगते. हाताने चार वेळा कायदा वाजवा आणि मोबाइलवर वेळ लावा. 60च्या लयीत 32 सेकंद लागतील. मग तेवढाच मनात वाजवा. 25 सेकंदांत संपला तर मधे कुठेतरी उडी मारली आहे. 40 लागले तर कुठेतरी शोधाशोध चालली होती. दोन्ही वेळा जवळपास सारख्या येईपर्यंत पलट्यांकडे, म्हणजे कायद्याच्या फेरफारांकडे, जाऊ नका.

चौथी पायरी: लेहरा चालू, हात बंद

लेहऱ्याचं ॲप 60वर लावा. चार आवर्तनं ठेका वाजवा, मग हात उचलून मांडीवर ठेवा आणि पुढची चार आवर्तनं मनात वाजवा. लेहरा चालूच राहू द्या. पाचव्या आवर्तनाच्या समेवर हात खाली आला पाहिजे, थेट ‘धा’वर. एक आवर्तन 16 सेकंदांचं, म्हणजे तुम्ही एक मिनिटाहून थोडं जास्त गप्प असता. पहिल्यांदा ते मिनिट फार लांब वाटतं. मन लगेच लेहऱ्याच्या सुरांमागे जातं आणि ठेका हरवतो. हरवला की डोळे उघडू नका. डग्गा गप्प होण्याची जागा धरा आणि तिथून पुन्हा चढा.

हे साधलं की उलट करा. हात चालू ठेवा आणि लेहऱ्याचा आवाज दोन आवर्तनं पूर्ण घालवा. आता लेहरा तुमच्या मनात वाजला पाहिजे. आवाज परत वाढवला की सम जुळते का पाहा. मला स्वतःला हा व्यायाम सर्वांत आवडतो, कारण ऐकण्याची खरी कसोटी इथे लागते. नुसतं बोलांकडे बघणाऱ्याला लेहरा ऐकू येत नाही आणि साथीला बसल्यावर तेच नडतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ही पायरी आणखी एका कारणाने उपयोगी आहे. रात्री साडेनऊला ऑफिसातून आल्यावर तबला उघडला की भिंतीवर थाप पडते. इअरफोन लावून मांडीवर हात ठेवून हे करता येतं, कुणाची झोप मोडत नाही. लोकलमध्ये, बसमध्येही करा, पण गाडी चालवताना अजिबात नाही.

वाजवताना काय बघायचं

इथे नवशिक्यांची गल्लत होते. मनातला रियाज करताना आपण प्रत्येक बोट बघतो, म्हणून वाजवतानाही तेच करायला जातात आणि हात अडतो. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार केला तर पाय अडखळतो तसं. वाजवताना नजर, म्हणजे मनातली नजर, हाताच्या थोडी पुढे हवी. हात पहिल्या खंडात असेल तेव्हा मनात दुसऱ्या खंडाचं तोंड दिसत असावं. त्याहून लांब बघू नका. दहा मिनिटांनी येणाऱ्या चक्रदाराची (तीनदा वाजवायच्या लांब रचनेची) काळजी आत्ता सुरू झाली की हातातला कायदा गेलाच.

तिहाईला, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणाऱ्या तुकड्याला, मात्र थोडी लांब नजर लागते. साधी तिहाई घ्या:

तिटकत गदिगन धा । तिटकत गदिगन धा । तिटकत गदिगन धा

एक तुकडा तीन मात्रांचा, तीन तुकडे नऊ मात्रांचे. नवव्या मात्रेला, म्हणजे काल आली की उचलायची. पहिला ‘धा’ अकराव्यावर, दुसरा चौदाव्यावर, तिसरा समेवर. ही आकडेमोड वाजवताना करायची नाही. आदल्या दिवशी घड्याळावर तीन दिवे लावून ठेवा: तळ ओलांडल्यावर जरा डावीकडे पहिला, नऊचा आकडा जेमतेम ओलांडल्यावर दुसरा आणि बाराला तिसरा. वाजवताना फक्त पुढचा दिवा बघा.

आणि चूक झाली तर? माझ्या अनुभवात एकाग्रता घालवणारं याच्याइतकं मोठं कारण दुसरं नाही. चूक एका मात्रेत होऊन जाते, पण तिचं दुःख पुढची दोन आवर्तनं खातं. चेहरा पडतो, जीभ दाताखाली येते आणि ऐकणाऱ्यालाही तेव्हाच कळतं. म्हणून चूक आणि सावरणं हे दोन्ही मनात वाजवून ठेवा. तिहाई फसली, समेला दोन मात्रा आधीच पोचलो. आता काय? ठेका धरायचा, लेहरा ऐकायचा, पुढची सम घ्यायची. शांत चेहऱ्याने. हे मनात दहा वेळा पाहिलेलं असलं की प्रत्यक्षात हात ठेका आपोआप धरतो. चुका मनातही आणू नयेत असं काही जण सांगतात. ते मला पटत नाही. नुसती चूक घोळवू नये हे खरं, पण सावरण्यासकट पाहिलेली चूक धीर देते.

चित्रच दिसत नसेल तर

दर वर्षी एक-दोन जण सांगतात, “डोळे मिटले की अंधारच आहे, बाकी काही नाही.” काही माणसांना मनात चित्र उमटतच नाही आणि 2015 साली याला अ‍ॅफँटेझिया असं नावही मिळालं. त्याने वादनाचं काही अडत नाही. अशांनी आवाज धरावा, आवाजही नसेल तर हालचाल. मांडीवर बोटं अगदी हलकी टेकवत, वजन न देता वाजवा. घड्याळ दिसत नसेल तर हाताने टाळी आणि काल दाखवत तोच फेरा अंगात बसवा. पुसट जागा तुम्हालाही सापडतील, फक्त त्या ‘दिसणार’ नाहीत. तिथे हात क्षणभर घुटमळेल.

झोप येत असेल तर बसून करा, आडवं होऊन नको. डोळे उघडे ठेवून समोरच्या जमिनीकडे बघितलं तरी चालतं.

परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी

आदले चार-पाच दिवस जागेसकट वाजवा. ज्या हॉलमध्ये वाजवायचं आहे तो पाहून या, निदान फोटो तरी बघा. चादर कुठली, माइक कुठे, लेहऱ्याला पेटी कुणाची, ती तुमच्या कुठल्या हाताला. परीक्षा असेल तर परीक्षक मधेच थांबवून “दुगुण म्हणून दाखवा”, म्हणजे दुप्पट लयीत म्हणा, असं म्हणतील, तोही आवाज मनात ऐका आणि टाळी देत म्हणून दाखवा. एसीच्या गारव्यात किंवा पावसाळी दमटपणात तबल्याचा सूर हलतो, तेव्हा हातोडी काढून शांतपणे गजऱ्यावर दोन ठोके देणंही त्या चित्रात असू द्या. पहिल्या रांगेतलं रडणारं बाळ, वाजलेला मोबाइल, उशिरा येऊन खुर्ची ओढणारे काका, सगळं येऊ द्या. मनात ते चालू असताना ठेका थांबवायचा नाही, एवढंच.

त्या दिवशी मात्र नवीन काही घोळवू नका. विंगेत बसल्यावर मोबाइल पिशवीत टाका. तळहात रुमालाने पुसा, पावडर लावा. डोळे मिटून एकच आवर्तन मनात फिरवा, सावकाश, घुमारेसकट: सम, पाच, तळाशी गप्प झालेला डग्गा, चौदाव्याला परत आलेला. तुमचं नाव पुकारलं जाईल, तेव्हा उठण्याआधी ते आवर्तन पूर्ण होऊ द्या.